दोन हर्ट्झच्या अलीकडे आणि पलीकडे

स्पोर्ट्स कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत जाणाऱ्या छताची आणि वळणे वेगाने घेता यावीत अशा बेताने घडवलेली मोटार; आणि तिच्याविषयीचा सर्वांत खोल रुजलेला समज असा की, ती चांगली पळायची असेल तर तिच्यात बसणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायचीच. हा समज सर्वस्वी खोटा नाही, परंतु त्याची मांडणी चुकीची आहे. रस्त्यावरची पकड आणि आसनावरचा आराम या गोष्टी मुळात एकमेकींच्या वैरी नाहीत. ठरावीक ताठरपणाच्या डॅम्परला, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला शॉकअब्सॉर्बर म्हणतात त्या तेलभरल्या नळकांड्याला, त्या दोन्ही एकाच वेळी साधता येत नाहीत, एवढेच खरे आहे. गेल्या चार दशकांत विकसित झालेले अनुकूली सस्पेन्शन, अर्थात गाडी धावत असतानाच स्वतःचा ताठरपणा बदलणारी यंत्रणा, नेमक्या याच अडचणीला दिलेले उत्तर आहे, आणि त्या उत्तराचे मोल ठरवायचे तर आधी अडचण नीट समजून घ्यावी लागते.

स्प्रिंगवर तोललेला मोटारीचा सांगाडा एकदा दाबून सोडला तर तो ठरावीक लयीत वरखाली होतो, आणि एका सेकंदात होणाऱ्या अशा आवर्तनांच्या संख्येला त्याची नैसर्गिक वारंवारता म्हणतात, जी हर्ट्झ या एककात मोजतात. आरामदायी सेडानमध्ये ती साधारण १.२ हर्ट्झच्या आसपास असते, तर कठोर बांधणीच्या स्पोर्ट्स कूपेत ती २ हर्ट्झपर्यंत जाते. या दोन आकड्यांमधला फरक कानाला किरकोळ वाटला तरी स्प्रिंगचा ताठरपणा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, तेवढेच वजन पेलणारी कूपेची स्प्रिंग सेडानच्या स्प्रिंगच्या पावणेतीन पट ताठर ठरते. निराळ्या भाषेत सांगायचे तर गाडीच्या स्वतःच्या वजनाखाली पहिली स्प्रिंग सुमारे १७ सेंटीमीटर दबते आणि दुसरी जेमतेम ६ सेंटीमीटर. ताठर स्प्रिंगमुळे वळणावर गाडी कमी कलते, ब्रेक लावल्यावर तिचे नाक कमी खाली जाते आणि सुकाणूला ती तत्परतेने प्रतिसाद देते, हे लाभ खरेच आहेत. मात्र त्यांची किंमत स्प्रिंगपेक्षाही डॅम्परच्या वागण्यात अधिक मोजावी लागते.

डॅम्परचे काम स्प्रिंगची आंदोलने शमवण्याचे, आणि या शमवण्याला पदार्थविज्ञानात अवमंदन म्हणतात. नळकांड्यातला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल त्याच्यातल्या बारीक छिद्रांमधून आणि झडपांमधून मार्ग काढते, आणि त्या विरोधात हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पाण्यावर तळहात हळूच दाबला तर तो सहज आत जातो आणि जोराने आपटला तर तेच पाणी कठीण लागते, तसा डॅम्परचा विरोधही हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो. येथे कंपनशास्त्रातला एक साधा पण फार दूरगामी निष्कर्ष लागू पडतो: रस्त्याकडून येणाऱ्या कंपनाची वारंवारता सांगाड्याच्या नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या आत असेल तर अवमंदन जितके अधिक तितके बसणाऱ्याला बरे, आणि ती मर्यादा ओलांडली की अवमंदन जितके अधिक तितका धक्का जास्त प्रमाणात आसनापर्यंत पोचतो. दीड हर्ट्झच्या गाडीसाठी ही सीमारेषा दोन हर्ट्झच्या किंचित पुढे येते. तिच्या अलीकडे, म्हणजे लांब चढउतार, पुलाच्या तोंडाशी खचलेला भराव, वळणावरचा झोका अशा संथ हालचालींत ताठर डॅम्पर प्रवाशाचा मित्र असतो. पलीकडे, म्हणजे खडबडीत डांबर, खडी आणि सांधे यांच्या जलद कंपनांत तोच त्याचा शत्रू होतो. एकाच नळकांड्याने दोन्हीकडे योग्य वागावे, अशी अपेक्षा झडपांच्या कौशल्यपूर्ण रचनेने काही अंशी पुरी करता येते, पूर्णांशाने मात्र कधीच नाही.

मानवी शरीराची घडण ही अडचण आणखी तीव्र करते. सर्वांगाला बसणाऱ्या कंपनांविषयीच्या आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बसलेला माणूस उभ्या दिशेच्या कंपनांना ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो, कारण पोटातले अवयव आणि पाठीचा कणा यांची स्वतःची आंदोलने याच परिसरात जोर धरतात. भारतातल्या सिमेंट काँक्रीटच्या महामार्गांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. अशा रस्त्याच्या फरशीत आडवे सांधे साधारण साडेचार मीटरच्या अंतराने कापलेले असतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २७.८ मीटर अंतर कापते, म्हणजे सांधे खचलेले किंवा उचललेले असतील तर तिला सेकंदाला सहाहून थोडे अधिक ठोके बसतात, आणि ते नेमके शरीराला सर्वाधिक खुपणाऱ्या पट्ट्यात पडतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर एखादी महागडी कूपे दमवणारी वाटते आणि साध्या डांबरी रस्त्यावर तीच सुसह्य होते, यामागचे एक कारण या गणितात आहे. दुसरे कारण व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधल्या अंतरात आहे. पोर्शे ९११ चे हे अंतर २.४५ मीटर, म्हणजे दोन सांध्यांमधल्या अंतराच्या निम्म्याजवळ. परिणामी पुढची चाके सांध्यावर असताना मागची दोन सांध्यांच्या जवळपास मध्यावर असतात, आणि गाडी एकसंध वरखाली होण्याऐवजी नाक व शेपूट आळीपाळीने उचलत झुलण्याकडे तिचा कल होतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅडिलॅकमध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने हलवता येणारी वजने लावलेल्या एका मोटारीवर प्रयोग करून दाखवले होते की, मागच्या स्प्रिंगची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी अधिक ठेवली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि हे झुलणे लवकर सपाट होते. आखूड व्हीलबेसच्या कूपेला या नियमाचा लाभ लांब सेडानइतका मिळत नाही.

याखेरीज तिसरा हक्कदार आहे ते चाक. टायरच्या लवचीकतेवर चाक स्वतंत्रपणे थरथरते, आणि त्याची वारंवारता १० ते १५ हर्ट्झच्या दरम्यान असते. तेथे अवमंदन अपुरे पडले तर चाक रस्त्यावरून उड्या मारते आणि नेमक्या त्या क्षणी पकड सुटते. म्हणजे संथ हालचालीत सांगाड्याला ताठरपणा हवा, मधल्या पट्ट्यात माणसाला मऊपणा हवा, आणि त्याही वरच्या पट्ट्यात चाकाला पुन्हा ताठरपणा हवा, असा हा तिहेरी तंटा आहे. कूपेच्या अभियंत्याने तो परंपरेने माणसाच्या विरोधात निकाली काढला.

या तंट्यातून सुटण्याचा सैद्धांतिक मार्ग १९७४ मध्ये डीन कर्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धसक्रिय अवमंदनावरील निबंधात दाखवला. त्यांची कल्पना अशी की, सांगाड्याला शमवणारा आदर्श डॅम्पर चाक आणि सांगाडा यांच्या दरम्यान नव्हे, तर सांगाडा आणि स्थिर आकाश यांच्या दरम्यान बसवलेला असावा, म्हणजे रस्त्याचा खडबडीतपणा त्याच्यामार्फत वर पोचणारच नाही. असा डॅम्पर बसवणे अशक्य असले तरी नेहमीच्या जागच्या डॅम्परकडून त्याची नक्कल करून घेता येते. सांगाडा वर चालला आहे आणि चाकापासून दूरही जात आहे, अशा वेळी डॅम्परचा विरोध त्याला खाली ओढतो, म्हणून तो ताठर करावा. सांगाडा वर चालला आहे पण चाक त्याहूनही जलद वर येत आहे, अशा वेळी तोच विरोध सांगाड्याला आणखी वर ढकलेल, म्हणून तो मऊ करावा. निर्णय दर आवर्तनात अनेकदा बदलायचा आणि तोही हजारांश सेकंदांच्या हिशेबाने, त्यामुळे संवेदक, गणकयंत्र आणि पुरेशी चपळ झडप या तिन्ही गोष्टी स्वस्त होईपर्यंत ही कल्पना प्रयोगशाळेतच राहिली.

बाजारात आलेली पहिली पावले त्यामुळे बरीच भोळी होती. टोयोटाने १९८३ मध्ये सोअरर या दोन दारी कूपेत डॅम्परमधली छिद्रे विजेच्या मोटरने लहानमोठी करणारी यंत्रणा दिली, परंतु वेग, सुकाणू, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्या संकेतांवर चालणाऱ्या त्या यंत्रणेला चालक काय करतो आहे ते कळत होते, रस्ता काय करतो आहे ते नव्हे. पोर्शे ९५९ मध्ये १९८६ साली बदलता ताठरपणा आणि बदलती उंची दोन्ही होत्या. फॉर्म्युला वनमध्ये याच काळात लोटसने १९८७ मध्ये मोनॅको येथे आयर्टन सेनाच्या हातून आणि विल्यम्सने १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेलच्या विजेतेपदातून संपूर्ण सक्रिय सस्पेन्शनचे सामर्थ्य सिद्ध केले, आणि १९९४ पासून त्यावर बंदी आली. तथापि तेथील उद्देश गाडीची जमिनीपासूनची उंची हवेच्या दाबासाठी स्थिर राखण्याचा होता, आरामाशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून रस्त्यावरच्या कूपेचा वंश तेथून दाखवण्याची जाहिरातींची पद्धत फारशी मान्य करण्याजोगी नाही.

खरी झेप घेतली ती एका द्रवाने. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेत जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तेलात मिसळून तयार केलेल्या चुंबकीय द्रवाचा क्लच बनवला होता. चुंबकीय क्षेत्र लावताच हे कण क्षेत्राच्या दिशेने साखळ्यांसारखे रचले जातात आणि द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध क्षणार्धात कित्येक पट वाढतो. क्षेत्र काढताच साखळ्या मोडतात. पुढे अर्धशतकानंतर डेल्फाय या कंपनीने हे तत्त्व डॅम्परमध्ये आणले: दट्ट्याच्या पोटात तारेचे वेटोळे, भोवती लोहकणांचे तेल, आणि झडप अजिबात नाही. २००२ मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल एसटीएसमध्ये आणि लगोलग २००३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये हे डॅम्पर आले. २००६ मध्ये आउडी टीटी आणि फेरारी ५९९ जीटीबी फिओरानो या दोन अगदी भिन्न किमतींच्या कूपेंनी ते स्वीकारले. रस्त्याची स्थिती सेकंदाला हजार वेळा वाचून प्रत्येक चाकाचे अवमंदन बदलता येते, असे जनरल मोटर्सने सांगितले. आकड्याचा अर्थ अंतरात पाहिला तर अधिक स्पष्ट होतो: ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी १० हजारांश सेकंदांत २८ सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे तेवढ्या वेळात प्रतिसाद देणारा डॅम्पर चाक एका मध्यम खड्ड्याच्या आत असतानाच आपला स्वभाव बदलू शकतो, आणि त्याच खड्ड्याशी मागचे चाक पोचायला ९११ सारख्या गाडीत आणखी सुमारे ८८ हजारांश सेकंद हाताशी असतात. लोहकणांमुळे रबरी सील झिजणे, कण तळाशी बसणे, वीज बंद केल्यावरही क्षेत्र क्षणभर रेंगाळणे अशा अडचणी सुरुवातीला होत्या. द्रवाची घडण सुधारून आणि पुढच्या पिढ्यांत एका वेटोळ्याऐवजी दोन वापरून त्या बऱ्याच कमी झाल्या. साध्या तेलात विजेवर चालणारी प्रमाणबद्ध झडप बसवण्याचा दुसरा मार्ग अधिक प्रचलित आहे. २००४ मधील ९९७ पिढीच्या ९११ मधले पोर्शेचे अनुकूली डॅम्पर त्याच जातीचे. दोन्ही मार्गांचे वैगुण्य एकच, ते असे की असा डॅम्पर फक्त ऊर्जा काढून घेऊ शकतो, सांगाड्याला स्वतःहून ढकलू शकत नाही, म्हणून त्याला अर्धसक्रिय म्हणतात.

आरामाच्या प्रश्नाचे सर्वांत मर्मग्राही उत्तर मात्र डॅम्परच्या चपळाईत नसून कलण्याच्या हिशेबात आहे. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये यासाठी डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पिळाचा पोलादी दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, वापरतात. परंतु एकच चाक उंचवट्यावर चढले तरी तो दांडा पिळतो आणि धक्का दुसऱ्या बाजूला नेतो, त्यामुळे असमान रस्त्यावर कूपेचे डोके डावीउजवीकडे हिसडते. ही हिसडण्याची क्रिया वरखाली होणाऱ्या धक्क्यांपेक्षा अधिक थकवते, आणि अनेक परीक्षणांत तिच्याकडे दुर्लक्ष होते. मर्सिडीज-बेंझने १९९९ च्या सीएल कूपेत प्रत्येक स्प्रिंगच्या माथ्यावर उच्च दाबाच्या तेलाने हलणारा दट्ट्या बसवला आणि अँटी-रोल बार काढूनच टाकले. सांगाड्याच्या सुमारे ५ हर्ट्झपर्यंतच्या हालचाली ती यंत्रणा स्वतः जोर लावून आवरत असे. तिचीच वंशज असलेली २०१४ ची एस-क्लास कूपे वळणात आतल्या बाजूला अडीच अंशांपर्यंत झुकते, म्हणजे बाहेर फेकले जाण्याची प्रवाशाची भावनाच कमी करते. मॅकलारेनने २०११ च्या एमपी४-१२सी मध्ये याहून मितव्ययी मार्ग निवडला. तेथे चारही डॅम्परच्या दाबाच्या आणि ताणाच्या बाजू नळ्यांनी डावीउजवीकडे आणि पुढेमागे जोडल्या, मध्ये वायूने भरलेले संचायक ठेवले, आणि अँटी-रोल बार वगळले. गाडी एका अंगाला कलू लागली की एका बाजूचे तेल दाबले जाते आणि विरोध उभा राहतो. कर्णरेषेत समोरासमोर असलेल्या चाकांखाली उंचसखल रस्ता आला तर तेल मुक्तपणे इकडून तिकडे जाते आणि चारही चाकांवरचा भार जवळपास समान राहतो. कलणे आणि वरखाली होणे या दोन हालचालींची अशी फारकत झाल्यामुळेच मध्यभागी इंजिन असलेली ही कूपे तुलनेने मऊ स्प्रिंगवर उभी करता आली. अनुकूली सस्पेन्शनचा खरा अर्थ येथे उघड होतो: ताठर स्प्रिंगवर मऊपणाचे एक बटण लावणे ही तडजोड आहे, मऊ स्प्रिंग ठेवण्याचे धाडस करता येणे ही सिद्धी आहे.

दुर्दैवाने बहुतेक उत्पादक पहिल्या वाटेने जातात. कम्फर्ट, स्पोर्ट आणि स्पोर्ट प्लस अशी तीन नावे पडद्यावर उमटतात, स्प्रिंग मात्र तिन्हींत तीच राहते, आणि शोरूममधून निघालेल्या ग्राहकाला पहिल्या दहा मिनिटांत फरक जाणवावा म्हणून स्पोर्टचा डॅम्पर गरजेपेक्षा ताठर ठेवला जातो. फेरारीने २००७ च्या ४३० स्कुडेरियामध्ये, जिच्या विकासात मायकेल शूमाकर सहभागी होता, एक वेगळे बटण दिले: इंजिन, गिअरबॉक्स आणि घसरण-नियंत्रण शर्यतीच्या तयारीत ठेवूनही त्याने डॅम्परपुरता मऊपणा निवडता येतो. पुढच्या फेरारींमध्ये ते खडबडीत रस्त्याचे बटण म्हणून कायम राहिले. शर्यतीतला सात वेळचा विश्वविजेता ज्या गाडीच्या जडणघडणीत होता तिला असमान रस्त्यावर वेगाने जाण्यासाठी मऊ डॅम्पर हवासा वाटावा, यातून पकडीलाही मऊपणाची गरज असते हे पुरेसे सिद्ध होते, कारण रस्ता सोडून उडालेले चाक कितीही रुंद असले तरी निरुपयोगी असते.

यंत्रणा कितीही चपळ झाली तरी काही सीमा तिला ओलांडता येत नाहीत, आणि भारतीय रस्त्यावर त्या फार लवकर गाठल्या जातात. पहिली सीमा चाकाच्या वर जाण्याच्या मुभेची. कूपेत ती बहुधा काही मोजके सेंटीमीटर असते, आणि ती संपली की रबरी थांब्यावर आदळणाऱ्या सस्पेन्शनला कोणताही संगणक वाचवू शकत नाही. दुसरी सीमा टायरची: ९९२ पिढीच्या ९११ कॅरेरा एसच्या मागच्या ३०५/३० मापाच्या टायरची बाजूची भिंत ९ सेंटीमीटरच्या आसपास आणि पुढच्या २४५/३५ ची ९ सेंटीमीटरहूनही कमी भरते, म्हणजे धारदार कडेच्या खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्या दरम्यान फारच थोडे रबर उरते, आणि टायरच्या स्वतःच्या ताठरपणावर डॅम्परचा अंमल चालत नाही. तिसरी सीमा गतिरोधकाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. असा गतिरोधक अडीच मीटरच्या व्हीलबेसची गाडी ओलांडताना तिच्या पोटाखालची मोकळी जागा मध्यभागी साडेचार सेंटीमीटरच्या आसपासच कमी होते, आणि जवळजवळ कोणतीही कूपे तो सहज पार करते. मानक धाब्यावर बसवून घातलेला तितकाच उंच पण हातभर रुंदीचा उंचवटा मात्र सगळ्या उंचीनिशी दोन चाकांच्या मध्ये येतो. नाक सुमारे ४ सेंटीमीटर उचलणारी यंत्रणा काही कूपेंत मिळते, पण ती पुढचा ओठ वाचवते, पोट नव्हे. येथे दोष गाडीचा नसून रस्ता बांधणाऱ्यांचा आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

या सगळ्या गुंतागुंतीला छेद देणारे एक उदाहरण फ्रान्सच्या दिएप येथून आले. २०१७ च्या अल्पाइन ए११० या कूपेत अनुकूली डॅम्पर मुळीच नाहीत. सुमारे ११०० किलो वजन, चारही चाकांना दुहेरी विशबोन रचना, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन भुजांनी धरणारी मांडणी, मऊ स्प्रिंग, सौम्य अँटी-रोल बार आणि चाक शेवटाला पोचताना तेलाच्या विरोधाने हळुवार थांबवणारे थांबे, एवढ्या सामग्रीवर तिने आरामाच्या बाबतीत दुपटीहून महाग गाड्यांना मागे टाकले, कारण कमी वजनाला आवरायला कमी ताठरपणा पुरतो. अल्पाइनच्या या यशाने अनुकूली सस्पेन्शन निरर्थक ठरत नाही. अवजड होत चाललेल्या कूपेंना ते अपरिहार्य का झाले, हे मात्र त्यातून कळते.

अपरिहार्यतेची किंमत मालकाला नंतर जाणवते. साध्या डॅम्परच्या कित्येक पट किमतीचा इलेक्ट्रॉनिक डॅम्पर गळू लागला की एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही बदलणे श्रेयस्कर असते, आणि जुन्या कूपेंचे अनेक मालक साधे डॅम्पर बसवून डॅशबोर्डवरचा इशारा बंद करणारा जोड लावून मोकळे होतात. महाराष्ट्रापुरते पाहता डॅम्परचे ज्ञान येथे नवे नाही: १९६१ मध्ये स्थापन झालेल्या, डॅम्पर बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिक येथे आहेत, आणि चाकणलाच बनणाऱ्या महिंद्राच्या विजेवरील एक्सईव्ही ९ई या उतरत्या छताच्या गाडीत अर्धसक्रिय डॅम्पर आले आहेत. कूपेच्या तुलनेत ती उंच आणि जड असली तरी नियंत्रणाचा प्रश्न तोच आहे, आणि येथील अभियंत्यांना मिळालेली संधी मोठी आहे. कारण पोलादी भाग न बदलता, केवळ नियंत्रणाच्या आज्ञावलीत, साडेचार मीटरवरच्या सांध्यांचे सहा हर्ट्झ आणि हातभर रुंदीच्या गतिरोधकाचा पहिला धक्का ओळखून डॅम्पर कधी सैल सोडायचा आणि चाक परत खाली येताना कधी धरायचा, हे जर्मनीतल्या सपाट रस्त्यांच्या हिशेबाने न ठरवता येथल्या रस्त्यांवर मोजून ठरवता येते.